जिमची पावती फाडण्याआधी

पुण्यात जिम शोधणे अवघड नाही. कोथरूडपासून खराडीपर्यंत जवळजवळ प्रत्येक मोठ्या चौकात, मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर किंवा एखाद्या बँकेखालच्या तळघरात, व्यायामशाळेची पाटी दिसतेच. अवघड असते ते आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरवणे, आणि बहुतेक जण ते ठरवण्याआधीच वर्षभराचे पैसे भरून मोकळे होतात. आधी जिम पक्की होते, मग तेथील ट्रेनर हातात देईल तो तक्ता हाच आपला कार्यक्रम ठरतो, आणि आपली गरज काय होती हा विचार गुडघा कुरकुरू लागल्यावर किंवा तिसऱ्या महिन्यात जाणे बंद पडल्यावर सुचतो. क्रम याच्या नेमका उलट हवा: प्रथम गरज, मग तिला साजेसा कार्यक्रम, आणि सर्वांत शेवटी तो कार्यक्रम जेथे विनाअडथळा पार पडेल अशी जागा.

गरज एका वाक्यात मांडावी

‘फिट व्हायचे आहे’ या वाक्यावरून कोणताही कार्यक्रम आखता येत नाही, कारण त्यात काय करता यायला हवे आणि कधीपर्यंत, यांपैकी काहीच सांगितलेले नसते. सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत दिवसाचे दहा-बारा तास बसणारा आणि पोलीस भरतीची तयारी करणारा विद्यार्थी या बाबतीत भाग्यवान म्हणावा, कारण त्याची गरज शासनानेच लिहून ठेवलेली आहे. शिपाई पदाची शारीरिक चाचणी 50 गुणांची असते. पुरुष उमेदवारांसाठी 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि गोळाफेक, तर महिला उमेदवारांसाठी 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असे तिचे स्वरूप आहे. अशा उमेदवाराने वातानुकूलित जिममध्ये सहा महिने दंड आणि छाती कमावली, तर आरसा खूश होईल, पण मैदानावरची घड्याळाची वेळ सुधारणार नाही. शरीर ज्या कामाचा सराव करते त्याच कामात ते तरबेज होते, म्हणून त्याला मैदान, धावण्याचा टप्प्याटप्प्याने वाढणारा सराव, गोळा फेकण्याचे तंत्र शिकवणारा मार्गदर्शक आणि आठवड्यातून दोन वेळा पाय, कंबर व खांदे बळकट करणारा व्यायाम एवढेच लागते. त्यातला शेवटचा भाग साध्या तालमीतही होतो.

इतरांना असे तयार परिपत्रक मिळत नाही, त्यांनी आपले वाक्य स्वतः लिहावे. ‘पुढच्या पावसाळ्याआधी आतकरवाडीच्या वाटेने न थांबता सिंहगड चढता यावा’, ‘नातवाला उचलताना कंबरेत कळ येऊ नये’, ‘साखर आटोक्यात ठेवण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सहा महिने न चुकता व्हावा’ ही सारी उपयोगी वाक्ये आहेत, कारण प्रत्येकातून वेगळा कार्यक्रम निघतो. लग्नाच्या तारखेकडे पाहून वजन कमी करू इच्छिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधीच मान्य करावी: वजन घटते ते मुख्यतः आहारातील बदलामुळे. व्यायामाचे, विशेषतः वजने उचलण्याच्या व्यायामाचे काम हे की घटणाऱ्या वजनात चरबी अधिक आणि स्नायू कमी जावेत. जी जिम केवळ व्यायामाच्या बळावर ठरावीक दिवसांत ठरावीक किलो कमी करून देण्याची हमी देते, तिच्या पायऱ्या चढूच नयेत.

ज्यांचे कोणतेही विशेष उद्दिष्ट नाही, केवळ प्रकृती धड राहावी एवढीच इच्छा आहे, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेली मार्गदर्शक मर्यादा पुरेशी आहे. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा 75 ते 150 मिनिटे जोमदार श्रमाचा, दम वाढवणारा व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. पासष्टीच्या पुढच्या व्यक्तींनी याच्या जोडीला किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व शक्तीचा मिश्र सराव ठेवावा, असे ती सांगते. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे: बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. कमला नेहरू पार्कात गप्पा मारत घातलेल्या फेऱ्या पुष्कळदा या खुणेपर्यंत पोचत नाहीत, हेही येथे नोंदवलेले बरे.

प्रकृतीची चौकशी

चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखणे, चक्कर येणे, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण किंवा नुकतेच झालेले बाळंतपण, यांपैकी काही असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलणे अनिवार्य समजावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तातील साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि गोळीची, जेवणाची व व्यायामाची वेळ डॉक्टरांकडून एकत्रच ठरवून घ्यावी. दृष्टिपटलावर मधुमेहाचा परिणाम झालेला असल्यास जड वजने उचलणे आणि श्वास रोखून जोर लावणे डोळ्यांना घातक ठरू शकते. ही माहिती ट्रेनरला सांगायची असते; ती त्याने विचारलीच नाही, तर तो आपल्याला काय करायला लावणार आहे हेही त्याला ठाऊक नाही असे समजावे.

कार्यक्रम कसा असावा

नवख्या माणसाच्या हाती पुण्यातील बहुसंख्य जिममध्ये जो तक्ता पडतो, तो साधारण एकाच साच्याचा असतो: सोमवारी छाती आणि ट्रायसेप्स (दंडाच्या मागचा स्नायू), मंगळवारी पाठ आणि बायसेप्स (दंडाच्या पुढचा स्नायू), बुधवारी खांदे, गुरुवारी पाय, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. ही विभागणी चुकीची नाही, पण ती स्पर्धेसाठी शरीर कमावणाऱ्या, आठवड्याचे पाच-सहा दिवस न चुकता येणाऱ्या माणसासाठी उपजलेली आहे. हिंजवडीत काम करणारा, आठवड्यातून कसाबसा तीन दिवस मोकळा होणारा माणूस हा तक्ता पाळू लागला की एखादा दिवस हुकतो, आणि हुकणारा दिवस का कोण जाणे नेहमी पायांचाच असतो. परिणामी शरीरातील सर्वांत मोठ्या स्नायूंना महिन्यातून एकदा-दोनदाच काम मिळते.

नवख्याने पहिले तीन महिने प्रत्येक वेळी संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा, आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दोन सत्रांमध्ये किमान एक दिवस मोकळा सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा क्रम ठेवला आणि त्यातला एक दिवस हुकला, तरी दोन दिवस हातात राहतात आणि कोणताही अवयव उपाशी राहत नाही. प्रत्येक सत्रात पाच प्रकारच्या हालचाली असल्या की पुरे होते. बसून उठणे, म्हणजे स्क्वॉट. कंबरेतून वाकून वजन उचलणे, म्हणजे डेडलिफ्टचा एखादा सोपा प्रकार. समोर किंवा वर ढकलणे, ज्यात जोर, म्हणजे पुश-अप, आणि डंबेलचे प्रेस आले. आपल्याकडे ओढणे, ज्यात केबलचे रोइंग (बसून केबल पोटाकडे ओढणे) किंवा पुलडाउन (डोक्यावरचा दांडा खाली ओढणे) आले. आणि वजन हातात धरून चालणे किंवा प्लँक (कोपर व पायांच्या बोटांवर शरीर ताठ धरून ठेवणे), ज्यामुळे पोट व पाठ एकत्र काम करतात. प्रत्येक हालचालीचे दोन-तीन सेट (न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक गट म्हणजे सेट), प्रत्येक सेटमध्ये आठ ते बारा रेप्स, म्हणजे आवर्तने, आणि सेट संपताना आणखी दोन-तीन रेप्स निघाल्या असत्या असे वाटावे इतके वजन, हे नवख्यासाठी योग्य माप आहे. बारा रेप्स सलग दोन सत्रांत स्वच्छ निघू लागल्या की वजन उपलब्ध असेल तेवढ्या लहानात लहान टप्प्याने वाढवावे आणि पुन्हा आठपासून सुरुवात करावी. भार असा हळूहळू वाढत राहणे हाच शक्तीच्या व्यायामाचा गाभा आहे. म्हणून वही ठेवावी, किंवा फोनमध्ये नोंदवावे, पण मागच्या वेळी काय उचलले होते ते स्मरणावर सोडू नये.

दर आठवड्याला नवा व्यायामप्रकार देणारे वर्ग रंजक असतात आणि कंटाळा लवकर येणाऱ्यांना ते टिकवून धरतात, ही त्यांची खरी किंमत आहे. पण सतत बदलणाऱ्या कार्यक्रमात प्रगती मोजता येत नाही. झुंबा किंवा तत्सम नृत्यवर्ग दम वाढवण्याचे काम चोख करतात, शक्तीचे काम करत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस नृत्य आणि दोन दिवस वजने अशी सांगड घातली तर तक्रारीला जागा उरत नाही.

पहिल्या दिवसाबद्दल एक इशारा आवश्यक आहे. उत्साही ट्रेनर आणि त्याहून उत्साही सदस्य एकत्र आले की पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढण्याचा प्रकार घडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखणे स्वाभाविक आहे आणि ते दोन-तीन दिवसांत ओसरते. मात्र प्रमाणाबाहेर श्रमांनी स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील घटक मूत्रपिंडांवर आघात करू शकतात. असह्य वेदना, सूज आणि चहाच्या रंगाची गडद लघवी दिसली तर घरगुती शेक न घेता थेट रुग्णालय गाठावे. पहिल्या आठवड्यात ‘एवढेच?’ असे वाटले, तर कार्यक्रम बरोबर आखला आहे असे समजावे.

जिमच हवी का?

हा प्रश्न पुणेकराने तरी विचारावाच, कारण या शहरात पर्याय उदंड आहेत आणि त्यांतले काही फुकट आहेत. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी ही दमाच्या व्यायामाची उत्तम साधने आहेत; चढताना हृदयाला आणि मांड्यांना काम मिळते, उतरताना गुडघ्यांभोवतीच्या स्नायूंना. टेकडी जे देत नाही ते म्हणजे ओढण्याचे आणि ढकलण्याचे काम, त्यामुळे रोज टेकडी चढणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांचे पाय तिशीतल्या माणसाला लाजवतात आणि वरच्या फळीवरचा डबा काढताना मात्र खांदा कुरकुरतो. जून ते सप्टेंबर टेकडीच्या वाटा निसरड्या होतात, हाही हिशेबात धरायचा मुद्दा आहे.

सूर्यनमस्काराबद्दल या शहरात कोणी वावगे ऐकून घेणार नाही, आणि घेण्याचे कारणही नाही. औंधच्या, म्हणजे बाणेरशेजारच्या नव्हे तर साताऱ्याकडच्या संस्थानाच्या, अधिपती भवानराव पंतप्रतिनिधींनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा नेटाने प्रसार केला. वेगाने घातले तर दम वाढतो, सावकाश घातले तर लवचिकता वाढते, खांद्यांना ढकलण्याचे कामही मिळते. उणीव एकच: त्यात काहीही आपल्याकडे ओढावे लागत नाही आणि शरीराच्या वजनापलीकडे भार वाढवता येत नाही. घरात डंबेलची एक जोडी आणि रबरी पट्टा ठेवून ही उणीव भरून काढता येते.

योगासने शिकायची तर पुण्याइतके सोयीचे शहर थोडेच असेल. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले आणि त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था 1975 पासून मॉडेल कॉलनीच्या परिसरात आहे. दोर, विटा, खुर्च्या, पट्टे यांच्या आधाराने ताठर शरीराच्या माणसालाही आसन साधता यावे ही त्या पद्धतीची खासियत. सांधे आखडलेल्या किंवा तोल सांभाळण्याची भीती वाटणाऱ्या ज्येष्ठांनी जिमच्या आधी अशा वर्गाचा विचार करावा. पोहणे सांध्यांना सुखावह असते, पण पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता टिकवण्यासाठी पोहण्याच्या जोडीला वजनांचा व्यायाम ठेवावा लागतो.

आणि तालमी? पेठांमधून अजूनही काही तालमी तग धरून आहेत, लाल मातीचा हौदा, मुद्गल आणि जोर-बैठकांसकट. वस्तादांचा धाक, ठरलेली वेळ आणि शुल्क खिशाला झेपेल असे. हे तिन्ही गुण चकचकीत जिममध्ये एकत्र क्वचितच मिळतात. मुद्गल फिरवल्याने खांदे आणि पकड यांना मिळणारा व्यायाम यंत्रावर सहज मिळत नाही. मर्यादा अशी की बहुतेक तालमी पुरुषांसाठी आणि कुस्तीच्या दृष्टीने घडलेल्या आहेत, आणि नवख्या पंचेचाळिशीच्या गुडघ्यांना एकदम शंभर बैठका मानवत नाहीत. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्थांचीही चौकशी करावी, विशेषतः घरातील मुलांना एकाहून अधिक खेळांची गोडी लावायची असेल तर.

सोसायटीच्या क्लबहाउसमधील जिमकडे लोक उगाचच तुच्छतेने पाहतात. दोन ट्रेडमिल, एक सायकल, डंबेलचा एक स्टँड आणि केबलचे एखादे यंत्र एवढे असेल, तर वर सांगितलेला तीन महिन्यांचा कार्यक्रम तेथे पूर्ण होतो. नसतो तो शिकवणारा. त्यासाठी एखाद्या चांगल्या ट्रेनरची आठ-दहा सत्रे घेऊन मूळ हालचाली शिकून घेणे, हे बाहेरच्या जिमच्या वार्षिक शुल्कापेक्षा अनेकदा स्वस्त पडते.

अंतर आणि वेळ

जिम चांगली असूनही जाणे सुटते ते मुख्यतः वाटेमुळे. घर कात्रजला, कार्यालय हिंजवडीला आणि जिम बाणेरला, अशी त्रिस्थळी यात्रा कोणाकडूनही वर्षभर होत नाही. घरापासून किंवा कार्यालयापासून दहा-पंधरा मिनिटांत, शक्यतो पायी पोचता येईल अशाच जागा यादीत ठेवाव्यात, आणि अंतर नकाशावर न मोजता आपण ज्या वेळी जाणार त्या वेळी प्रत्यक्ष जाऊन मोजावे. सायंकाळी सात वाजताचा सिंहगड रस्ता आणि सकाळी सहाचा सिंहगड रस्ता ही दोन वेगळी गावे आहेत. सकाळी व्यायाम करणाऱ्यांनी जिम घराजवळ घ्यावी. सायंकाळच्या कोंडीत तासभर अडकण्यापेक्षा तोच तास कार्यालयाजवळच्या जिममध्ये घालवून वाहतूक ओसरल्यावर घरी निघणे काही जणांना अधिक मानवते. दुचाकीने जाणार असाल तर जुलैतल्या संततधार पावसात रेनकोट चढवून आपण खरोखर निघू का, हे स्वतःला विचारावे आणि उत्तर प्रामाणिकपणे द्यावे.

पाहणी

जिम पाहायला दुपारी तीन वाजता जाऊ नये. त्या वेळी कोणतीही जिम प्रशस्त आणि स्वच्छच दिसते. आपण ज्या वेळी येणार त्याच वेळी, आठवड्याच्या मधल्या वारी जावे आणि अर्धा तास नुसते पाहावे. स्क्वॉटसाठी बार (लोखंडी दांडा) टेकवून ठेवण्याच्या रॅकपाशी किती जण ताटकळले आहेत, वापरलेली वजने जागेवर ठेवली जातात का, यंत्रावरचा घाम पुसण्याची पद्धत आहे का, नवखा सदस्य चुकत असताना ट्रेनर पुढे होतो की फोनमध्ये गढलेला असतो, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. आत आहात तोवर सदस्यांपैकी कोणाला तरी, शक्यतो आपल्याच वयाच्या व्यक्तीला, कधीपासून येता आणि काय खटकते ते विचारावे. पुणेकर या प्रश्नाचे उत्तर हातचे राखून देत नाही.

साधनांमध्ये ट्रेडमिलची संख्या सर्वांत आधी मिरवली जाते, पण नवख्याच्या दृष्टीने महत्त्वाची असतात ती हलकी वजने. डंबेल अडीच किलोच्या टप्प्यांनी आहेत की पाचवरून थेट दहावर उडी आहे? वीस किलोच्या नेहमीच्या बारखेरीज दहा-पंधरा किलोचा हलका बार आहे का? सव्वा किलोच्या लहान प्लेट आहेत का? विशेषतः महिला आणि ज्येष्ठ यांच्यासाठी वजन थोडे-थोडे वाढवण्याची सोय नसेल, तर बाकी सारा थाट व्यर्थ आहे. स्क्वॉटच्या रॅकला वजन निसटल्यास अडवणाऱ्या आडव्या दांड्या असाव्यात.

महिलांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात: आपल्या वेळेत महिला ट्रेनर असते का, कपडे बदलण्याच्या खोलीचे दार आतून नीट बंद होते का, कॅमेरे कोठे बसवले आहेत, रात्री बाहेर पडताना जिना आणि वाहनतळ उजेडात आहेत का. केवळ महिलांसाठी असलेली बॅच मिळत असेल तर तिची वेळ आणि पुढेही ती चालू राहण्याची शक्यता विचारून घ्यावी, कारण सदस्य घटले की सर्वांत आधी तीच बॅच बंद होते.

तळघरातील जिमबाबत हवा आणि आग या दोन गोष्टी बारकाईने तपासाव्यात. गर्दीच्या वेळी श्वास कोंडल्यासारखा वाटतो का, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आहे का आणि तो जुन्या यंत्रांनी अडवलेला तर नाही, हे आपल्याच डोळ्यांनी पाहता येते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगरोधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. ते दाखवा म्हटल्यावर व्यवस्थापकाची मुद्रा कशी होते यावरूनही बरेच कळते.

ट्रेनर

कमावलेले शरीर हे ट्रेनरच्या मेहनतीचे प्रमाणपत्र आहे, शिकवण्याच्या कौशल्याचे नव्हे. एसीई, एसीएसएम, एनएससीए यांसारख्या, ट्रेनरांची परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी संस्थांचे प्रमाणपत्र असल्यास ते पाहावे आणि त्याची मुदत संपली आहे का तेही पाहावे, पण खरी परीक्षा पहिल्या भेटीतच होते. चांगला ट्रेनर सांगण्याआधी विचारतो: जुनी दुखापत, झोप, कामाचे स्वरूप, औषधे, आधीचा व्यायाम. रिकाम्या हातांनी बसून उठायला लावतो आणि बाजूने पाहतो. एखादी हालचाल जमली नाही तर ती सोपी करून देतो, ‘जोर लावा काका’ म्हणून मागे उभा राहत नाही.

पहिल्याच आठवड्यात प्रोटीनचा डबा किंवा ‘फॅट बर्नर’ विकायला काढणाऱ्यापासून सावध राहावे. सप्लिमेंट घ्यायचेच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक असावा आणि पक्के बिल मिळावे; ट्रेनरच्या बॅगेतून निघणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या, गोळ्या किंवा इंजेक्शने कोणत्याही कारणाने घेऊ नयेत. अॅनाबॉलिक स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे आणि त्यांचा गैरवापर हृदय, यकृत व प्रजननक्षमता यांना इजा करतो.

पर्सनल ट्रेनिंगचे शुल्क पुष्कळदा सदस्यत्वापेक्षा अधिक असते. ते कायमचे घेण्याऐवजी सुरुवातीची काही सत्रे घ्यावीत, हालचाली शिकून घ्याव्यात आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी एखादे सत्र तपासणीसाठी घ्यावे.

पैसे आणि करार

वार्षिक सदस्यत्व मासिकापेक्षा स्वस्त दिसते, कारण त्यात आपण वर्षभर जाणार असे गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील काही हेल्थ क्लबांच्या सदस्यांवरचा एक अर्थशास्त्रीय अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. दर भेटीला दहा डॉलर देऊन जाण्याची सोय असताना मासिक सदस्यत्व घेतलेल्या लोकांना प्रत्यक्षात प्रत्येक भेट सतरा डॉलरहून महाग पडली, कारण आपण किती वेळा जाऊ याचा त्यांचा अंदाज फारच आशावादी होता. हाच हिशेब आपल्या रुपयांत मांडून पाहावा. समजा वर्षाचे बारा हजार भरले. आठवड्यातून तीन वेळा नेमाने गेलात तर प्रत्येक भेट साधारण ऐंशी रुपयांना पडते. दर महिन्याला तीनदाच गेलात तर तीच भेट तीनशे रुपयांच्या वर जाते. म्हणून प्रथम एक दिवसाची ट्रायल, मग एक महिना, मग तीन महिने, असे टप्पे ठेवावेत आणि जितका काळ प्रत्यक्ष गेलो आहोत त्याहून फार लांबचे पैसे कधीही आगाऊ भरू नयेत. ‘आजच भरलेत तरच ही ऑफर’ असे सांगितले जाते. दिवाळीला, नववर्षाला आणि गुढीपाडव्याला तीच ऑफर पुन्हा येते.

सांगितलेल्या किमतीत कर धरला आहे का ते विचारावे. जिमच्या सेवेवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावतीवर अठरा टक्के दिसल्यास जाब विचारावा. पैसे संस्थेच्या खात्यावर भरावेत, ट्रेनरच्या वैयक्तिक यूपीआयवर नव्हे. आजारपण किंवा प्रवास यांमुळे सदस्यत्व किती दिवस फ्रीज (तात्पुरते स्थगित) करता येते, ते दुसऱ्याच्या नावे करता येते का, शाखा बंद झाली किंवा हलली तर उरलेल्या रकमेचे काय, मुदत संपल्यावर पैसे आपोआप वळते होतात का, या चारही गोष्टी लेखी घ्याव्यात. काउंटरवरच्या माणसाचे ‘होऊन जाईल’ हे उत्तर तो माणूस नोकरी सोडेपर्यंतच वैध असते.

‘भरलेले पैसे परत मिळणार नाहीत’ असे पावतीवर छापलेले असले, तरी तो शेवटचा शब्द नसतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सदोष सेवा बंद करून तिचे पैसे पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिम मध्येच बंद पडली किंवा कबूल केलेली सेवा मिळाली नाही, तर आधी ईमेलने लेखी मागणी करावी, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि तरीही निकाल लागला नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही. केवळ आपले जाणे सुटले म्हणून मात्र हा मार्ग उपयोगी पडत नाही.

तीन महिन्यांनंतर

वजनकाट्यावर विसंबून निर्णय घेऊ नये, कारण नवख्याच्या शरीरात चरबी घटत असतानाच स्नायू वाढत असू शकतात आणि काटा जागचा हलत नाही. नोंदवहीतील वजने वाढली आहेत का, पर्वती चढताना दम कमी लागतो का, कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर कोणत्या दिशेने जात आहेत, आणि ठरवलेल्या सत्रांपैकी प्रत्यक्ष किती झाली, एवढे पाहावे. सत्रेच अर्ध्याहून कमी झाली असतील तर कार्यक्रमाला दोष न देता आधी वेळ बदलून पाहावी, सायंकाळची सकाळ करावी किंवा तीन दिवसांचे दोन करावेत. सत्रे झाली पण वजने जागच्या जागी राहिली असतील, तर कार्यक्रम, आहार आणि झोप यांकडे वळावे. कार्यक्रम ठीक, हजेरी ठीक, आणि तरीही रोज रॅकसाठी वीस मिनिटे थांबावे लागत असेल, तरच जिम बदलण्याचा विचार करावा. त्या वेळी नूतनीकरणाच्या तारखेआधी पंधरा दिवस ईमेलने कळवावे, आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी दिली असल्यास ती बँकेच्या ॲपमधून स्वतः रद्द करावी, आणि लॉकरची अनामत रक्कम परत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.